या गेममध्ये सेव्ह नाही

माझ्या बहिणीच्या गेमखाली ज्यांनी ज्यांनी शिव्या लिहिल्या आहेत, त्यांना मी एकदाच उत्तर देणार आहे. एक म्हणतो, "मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून? कोणत्या जमान्यात राहता?" दुसरा म्हणतो, बनवणाऱ्याला सेव्ह टाकायची अक्कल नसावी. बाबांनो, अक्कल होती. सेव्हचं सगळं काम करून तयार होतं. ते का टाकलं नाही हे समजून घ्यायचं तर गोंदियाजवळ कामठ्याला यावं लागेल, आमच्या घरी, मागच्या दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत.

मी हिमांशू. लाइनमन आहे. बायको-मुलांसह गोंदियात राहतो, पण ड्युटी कामठ्याच्याच भागात, त्यामुळे घरी एक चक्कर रोज होतेच. रिंकू माझी धाकटी बहीण. आम्ही लहान असताना बाबांनी गोंदियाच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आणला होता. पिवळी कॅसेट. तिच्यावर हजारो गेम छापलेले, आत निघाले पाच. बाकी तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. त्यातल्या एकावर आम्हा दोघांचा जीव जडला. इवलंसं विमान, डावीकडून उजवीकडे जायचं, समोरून येईल त्याला गोळ्या मारायच्या. संपला गेम. कथा नाही, कारण नाही, काही नाही.

खरं सांगतो, तो गेम महाबदमाश होता. पंखाला गोळीचा नुसता वास लागला तरी मरायचं. एवढ्या मेहनतीनं जमवलेल्या मोठ्या गोळ्या एका फटक्यात गायब. तीन लाइफ संपल्या की पहिल्यापासून. पडदा आपला समोर सरकतच राहणार. तुम्हाला शिंक येवो की आई हाक मारो, त्याला घेणंदेणं नाही. मागे तर जाताच यायचं नाही. आणि एवढं करून चौथ्या स्टेजला पोचलो की लाइट जायची. रिंकूनं मला मोठेपणी सांगितलं की या गेममध्ये मालच थोडा असायचा, तो लवकर संपू नये म्हणून बनवणारे मुद्दाम अवघड करून ठेवायचे. म्हणजे भाजी कमी आहे म्हणून तिखट वाढवायचं, त्यातला प्रकार.

तरी आम्ही खेळायचो, आणि काय खेळायचो! कारण दहा वेळा मेल्यावर अकराव्यांदा हाताला आपोआप कळायचं, आता वरून दोन येणार, खाली दाब. त्याला हुशारी म्हणा की पाठांतर, पण पाढे पाठ झाल्यावर होणारा आनंद काही खोटा नसतो. त्या गेमची टुंईटुंई धून आजही खांबावर चढताना माझ्या तोंडात येते. सोबतचे पोट्टे हसतात. हसू देत.

तर ही रिंकू पुढे शिकली आणि पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. दोन वर्षांपूर्वी आमची आई, शकुंतलाबाई, गेली. दिवसपाणी झालं, पाहुणे गेले. जाताना प्रत्येकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगितलं, "खुशालराव, आता समोर पाहाचं." बाबा प्रत्येकाला "हो" म्हणाले. रिंकू पुण्याला गेली, मी ड्युटीवर रुजू झालो.

बाबा जेवत होते, शेतावर जात होते, कोणाला काही म्हणायला जागा नव्हती. पण खांबावरून लांबचं दिसतं. आई-बाबा शेतावर जायचे तेव्हा बाबा पुढे आणि आई मागे, डोक्यावर शिदोरी घेऊन. प्रत्येक बांधावर चढलं की बाबा थांबून मागे बघायचे, आली का ती. एके दिवशी मी तारेवर काम करत असताना बाबा एकटे शेताकडे निघालेले दिसले. पहिल्या बांधावर चढले, थांबले, मागे बघितलं. दुसऱ्या बांधावर पुन्हा तेच. मी खांबाला धरून नुसता बघत राहिलो. खाली उतरल्यावर रिंकूला फोन करून सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं.

रिंकूनं नोकरी सोडली आणि घरी आली. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, घरी बसून स्वतःचा गेम बनवते. पुण्यातलीच एक छोटी कंपनी तो विकायला घेणार होती, पण त्यांची अट होती: ज्यांनी कधी गेम खेळला नाही अशी माणसं पहिल्या दोन स्टेज पार करताना दाखव, खेळतानाचं रेकॉर्डिंग पाठव, मग बोलू. त्यांनी घेतला तर रिंकू बाबांजवळ राहणार होती, नाही घेतला तर पुन्हा पुणे. तिनं बाबांना हे सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

गेम आमच्या जुन्या गेमसारखाच होता, जाड जाड ठिपक्यांचा, टुंईटुंई वाजणारा. फक्त विमानाच्या जागी सारस. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, सारस येतात, नेहमी जोडीनं. गेममध्ये तुम्ही नर, आणि मादी आपोआप तुमच्या मागोमाग उडते, तुमच्याबरोबर शत्रूवर मारा करते. पहिली स्टेज कामठ्याची शेतं. दुसरी तलाव आणि विजेच्या तारा. तिसरी दरेकशाचे डोंगर आणि रेल्वेचा बोगदा. शत्रू म्हणजे अंडी पळवणारे कावळे, कुत्रे, फवारणीचे ड्रोन.

"सारस गोळ्या कुठून मारन?" मी विचारलं.

"गोळ्या नाही, हाक. तो ओरडला की गोल गोल लाट निघते, पाह्य." दिसायला झकास होतं, मी कबूल केलं नाही एवढंच.

पण दुसरी स्टेज बघून माझं टाळकं सटकलं. स्टेजच्या शेवटी मादी तारेला धडकून खाली पडते. नेहमीच पडते, तुम्ही काहीही करा.

"आमी काय सारस मारासाठी तारा टाकून राहिलो का वो?"

"दादा, सारसाले उडताना पतली तार दिसत नाही, हे तूच सांगतलं होतं मले."

"सांगतलं म्हणून गेममदी टाकाचं?"

"जुन्या गेममदी नाही का, हातात आलेली ताकद एका फटक्यात काढून घेत होते. तसंच आहे हे. इथून समोर एकटं जाचं." ती अगदी शांतपणे म्हणाली. लाइनमनच्या घरातच तारांना खलनायक केलेलं, आता कोणाकडे तक्रार करणार?

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि आमच्या गावची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडे नुसती जत्रा नसते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी आजूबाजूच्या गावचे पाहुणे येतात, दिवसा दंडारीचा, म्हणजे नाच-सोंगांचा, खेळ उभा राहतो, रस्त्यानं शिंगाडे, ऊस, जिलेबी. खेळायला माणसं शोधत फिरायची गरजच नाही, माणसं चालत दारात येतात. रिंकूनं छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, जुना टीव्ही मांडला, लॅपटॉप जोडला, लहानपणी होता तसाच वायरवाला रिमोट लावला. चार बाण, दोन बटणं.

सगळ्यात आधी शेजारच्या देवका काकी बसल्या. हातात रिमोट असा धरला जणू गरम तवा. पण दोन-चारदा मेल्यावर त्यांना असा काही चेव आला की कावळ्यांना शिव्या घालत त्यांनी पहिली स्टेज पार केली. बाहेर टाळ्या पडल्या. दुसऱ्या स्टेजलाही त्या छान चालल्या होत्या. मग मादी पडली, "अवो माय, पडली ना वो!" म्हणून काकी ओरडल्या, आणि पुढच्याच क्षणी खांबावर आदळून मेल्या.

मग दंडारीत राजाचं सोंग घेतलेले यादोराव मामा मुकुट-मिशीसकट येऊन बसले. तेही तिथंच मेले. मामांच्या घरचे पाहुणे आले, तेही तिथंच. मादी पडली की मागोमाग हे खलास, एकालाही खांब चुकवता येईना. दुपार कलली तरी दुसरी स्टेज कोणी ओलांडली नव्हती. रिंकूचं तोंड एवढंसं झालं. तिनं कावळे कमी केले, वेग कमी केला, खांब लांब नेला. माणसं आणखी आरामात तिथवर पोचली आणि तिथंच मेली.

"लोकायले खेळताच येत नाही," मी म्हटलं आणि रिमोट घेऊन एका झटक्यात पार करून दाखवलं. रिंकूही पार करायची. आम्हा दोघांना काहीच अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले. बाबा आदल्या दिवसभर छपरीच्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होते, आता ते स्वतःहून टीव्हीसमोर येऊन बसले. "आण, मीबी पाह्यतो." आई गेल्यापासून त्यांनी "आण" म्हणून काही मागितलं नव्हतं. रिंकूनं घाईघाईनं रिमोट दिला.

बाबांची बोटं जाड, एक बटण दाबायला गेले की दोन दाबली जायची. कावळ्यांनी त्यांना चिक्कार मारलं. बाबा दर वेळी हसायचे. शेवटी पोचले तारांपाशी. मादी धडकली आणि गिरक्या घेत खाली गेली. बाबांचं हसू थांबलं. त्यांचा अंगठा डाव्या बाणावर गेला आणि तिथंच राहिला. सारस पडद्याच्या डाव्या कडेला चिकटला, पंख मारत होता, पण पडदा त्याला ढकलतच होता.

"बाबा, समोर! उजवीकडे दाबा!" मी ओरडलो.

"ती खाली पडली ना."

"मागं जाता येत नाही, बाबा," रिंकू म्हणाली.

"काऊन?"

"पडदा समोरच जाते. या गेमचा कायदाच आहे तो."

"मंग थांबव त्याले."

"थांबत नाही, बाबा."

बाबांनी अंगठा काढला नाही. खांब आला आणि सारस मेला. बाबांनी रिमोट हळूच खाली ठेवला. "सारस असा जात नाही वो माय," ते म्हणाले, चप्पल घातली आणि शेताकडे निघून गेले.

रिंकूनं आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. कोण कधी कोणतं बटण दाबतं ते पडद्याच्या कोपऱ्यात उमटत होतं, आम्हीच ते बघितलं नव्हतं. देवका काकी: मादी पडली, डावा बाण. यादोराव मामा: डावा बाण. पाहुणे: डावा बाण. कोणालाही खेळ अवघड गेला नव्हता. सगळे तिला बघायला मागे वळले होते. सारसाची जोडी तुटली की उरलेला तिथून हलत नाही, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आम्हालाही माहीत होतं. पण लहानपणापासून त्या गेमनं आम्हा दोघांच्या हाताला एकच शिकवलेलं: पडलं ते पडलं, समोर दाब.

"मादीच काढून टाक," मी म्हटलं.

"नाही."

"मंग मागं जाऊ दे लोकायले."

"मागं जाता आलं त हा गेमच राहत नाही, दादा. मंग ते फिराचं झालं. समोर जाणं हाच याचा जीव आहे."

"मंग मरू दे तुहा गेम अन् जा पुण्याले!" मी तणतणत ड्युटीवर गेलो.

संध्याकाळी आलो तर तिनं बदल केला होता. मादी पडली की पडदा थांबतो. धून थांबते. कावळे येत नाहीत. तुम्ही खाली उतरा, तिच्याभोवती फिरा, ओरडा, काहीही करा. पडदा हलत नाही. ज्याला जेव्हा जायचं असेल त्यानं उजव्या कडेला जाऊन दाबायचं, मगच समोरचं दिसू लागतं. कुठे बाण नाही, "चला" म्हणून पाटी नाही.

"कंपनीवाले म्हणतीन गेम हँग झाला," मी म्हटलं.

"म्हणू दे."

देवका काकी आल्या, यादोराव मामा आले, या वेळी मुकुट नव्हता. दोघंही खाली उतरून मादीजवळ थांबले. काकींनी तर तिच्याशी गप्पाच मारल्या, "ऊठ वो बाई, ऊठ." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चाल आता," आणि दुसरी स्टेज पार केली. दोन-चार दिवसांत गावातल्या कितीतरी जणांनी केली. रिंकूनं रेकॉर्डिंग पाठवलं.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. पडदा थांबतो ते त्यांना फार आवडलं होतं. गेम घेणार होते. फक्त एक गोष्ट: सेव्ह टाका. आजकाल कोणी मेल्यावर पहिल्यापासून खेळत नाही, जिथं मेला तिथून सुरू झालं पाहिजे. मी म्हटलं, यात काय चुकीचं आहे? लहानपणी त्याच एका गोष्टीनं आमचा जीव खाल्ला होता. रिंकूलाही पटलं. तिनं दोन दिवस बसून सेव्ह तयार केलं. आता जोडायचं आणि पाठवायचं बाकी होतं. ती इतकी खूश होती की तिनं घरात सगळ्यांसाठी खीर केली.

त्याच दिवशी सकाळी बाबा पुन्हा टीव्हीसमोर बसले. तारांपाशी पोचले. मादी पडली, पडदा थांबला. बाबांनी सारस खाली उतरवला आणि तिच्याशेजारी उभा केला. रिमोट मांडीवर ठेवून नुसते बघत बसले. माझ्या जिभेवर "समोर" आलेलं, रिंकूनं माझं मनगट दाबलं.

"हे असंच ठेवता येते का?" बाबांनी विचारलं.

"येते, बाबा. पाह्यजे तेवढं."

बाबा उठले आणि शेतावर गेले. कापलेल्या धानाचे पुंजणे रचायचे होते. टीव्हीवर दोन सारस तसेच, एक पडलेला, एक उभा. रिंकूच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो तारेवरच चालायचा. त्या दिवशी आमच्या गावची लाइट जाऊ नये म्हणून मी देवाला जेवढं साकडं घातलं तेवढं बारावीच्या निकालालाही घातलं नव्हतं.

दुपारी बाबा आले. हातपाय धुतले, टॉवेलनं बोटं नीट कोरडी केली, बसले. पडद्याकडे एकदा बघितलं आणि उजवा बाण दाबला. सारस उडाला. धून सुरू झाली. मी आणि रिंकू एकमेकांकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो.

तिसऱ्या स्टेजला, दरेकशाच्या बोगद्याच्या तोंडाशी, कावळ्यांनी बाबांना लगेच पाडलं. शेवटची लाइफ गेली.

"आता?"

"आता पहिल्यापासून, बाबा," रिंकू म्हणाली. "पण आजच्या दिवसच हो. मी सेव्ह टाकून राहिली. मंग जिथं मेला तिथूनच सुरू होईन, एवढं सारं परत करा नाही लागणार."

बाबांनी थोडा विचार केला. "इथून सुरू केला त ती नसन ना संगं?"

"कोण?"

"मादी. इथून सुरू केला त तो एकटाच राहीन. पहिल्यापासून केला त ती असन."

"हो बाबा. पहिल्यापासून केला त असन."

"मंग पहिल्यापासूनच बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी स्टार्ट दाबलं.

त्या संध्याकाळी रिंकूनं कंपनीला कळवलं की सेव्ह टाकणार नाही. त्यांनी समजावलं, मग रागावले, मग गेम घेतला नाही. तिनं तो स्वतःच बाजारात सोडला, म्हणून तुमच्या शिव्या थेट तिला येतात. ती आता गोंदियात कॉम्प्युटरच्या एका क्लासमध्ये शिकवते आणि संध्याकाळच्या बसनं घरी येते. पुण्याला गेली नाही. हे माझं उत्तर. पटलं तर पटलं, नाही तर तिथं सेव्ह असलेले लाख गेम पडलेत, ते खेळा.

बाबा रोज दुपारी जेवण झालं की खेळतात. हात आता चांगला बसलाय. कावळे कुठून येणार हे त्यांना तोंडपाठ आहे, ड्रोन तर बघायच्या आधी पाडतात. तारांपाशी थांबतात, कधी थोडा वेळ, कधी बराच, मग समोर जातात. फक्त तो बोगदा काही त्यांना पार होत नाही. दर वेळी तोंडाशीच मरतात. मी परवा जवळ बसून नीट बघितलं. समोरून एकच कावळा येत होता, तोही हळू, आणि बाबांनी बटणावरचा अंगठा उचलून घेतला होता.